सातवी नळी

प्रयोगशाळेत सगळे तिला चिखलताई म्हणत आणि तिला त्याचा जराही राग नव्हता. जिने सहा वर्षं एका तळ्याच्या तळाचा गाळ नळ्यांतून उपसला, तिला दुसरं काय म्हणणार? तळाशी गाळाचे थर साचत जातात आणि कोणत्या काळी पाऊस पडला, कोणत्या काळी आटला, ते त्यांवरून कळतं. तळात एकाखाली एक खोल जात काढलेल्या तिच्या दहा नळ्यांत पाच हजार वर्षांपूर्वीचा एक भलामोठा दुष्काळ दिसत होता.

पण सातव्या नळीने घात केला. थरांत अडकलेल्या पानांची वयं काढली, तर वरची पानं जुनी आणि खालची नवी!

"गाळ ढवळला गेलाय," प्रमुख सर म्हणाले. "यावर कसला प्रबंध? शीतखोलीत जागा नाहीये. चारच्या बैठकीत नळ्या टाकून द्यायचं ठरवू."

चिखलताईच्या तोंडचं पाणी पळालं. सहा वर्षं कचऱ्यात! उभी चिरलेली सातवी नळी टेबलावर घेऊन ती भिंगातून पाहत बसली. पुराचा एक थर: वर जाड वाळू, खाली मऊ माती. त्याच्या खालचाही तसाच. तिसराही.

ती ताडकन उठली. तिचे वडील गवंडी. वाळू पारखायची तर ते ती ग्लासभर पाण्यात ढवळून ठेवत. वाळू तळाला बसायची, माती तिच्यावर. उलटं कधीच झालं नव्हतं.

मग तिला तळ्यावरचा तो तराफा आठवला, ज्यावर उभं राहून त्यांनी नळ्या उपसल्या होत्या. नळीच्या वरच्या टोकाला लाल टोपण, खालच्या टोकाला निळं, असा त्यांचा नियम. गारठलेल्या बोटांनी सातव्या नळीची टोपणं तिनेच लावली होती. उलटी!

चार वाजता ती सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, चूक माझी आहे. ही नळी उलटी ठेवलीये."

तिने नळी फिरवली. सरांनी भिंग घेतलं, एकेक थर पाहिला, मग वयांचा कागद खालून वर वाचला. आकडे ओळीत आले. सहाव्या नळीत तुटलेला दुष्काळ सातवीत बेमालूम जुळला.

"एवढी घोडचूक केलीस, आणि वर हसतेस?"

"ढवळलेला गाळ सरळ करता येत नाही, सर. उलटी नळी करता येते!"

सरांनाही हसू फुटलं. शीतखोलीच्या यादीत त्यांनी स्वतः लिहिलं: कायम ठेवा. चिखलताईला आनंद मावेना. बाहेर येऊन तिने घरी फोन लावला.

"बाबा, वाळू खालीच बसते!"

"बसणारच," वडील म्हणाले. "हे कळायला सहा वर्षं लागली?"

चिखलताई भर व्हरांड्यात खो खो हसत सुटली.