चष्मा काढा, म्हणाले सगळे

मित्रांनो, डोकेदुखीमुळे ज्याचा जन्म झाला, असा मी एक जुना चष्मा आहे. एक काडी दोऱ्याने बांधलेली, उजव्या काचेवर ओरखडा. हसू नका. एके काळी माझं फार कौतुक होतं.

माझी मालकीण कपडे शिवते. बाजाराच्या गल्लीत, जिन्याखाली तिचं एका मशीनचं दुकान आहे. तिचं डोकं दुखायला लागलं तेव्हा सगळे म्हणाले, "डोळ्यांवर ताण येतोय, दुसरं काय!" चष्मेवाल्याने काचा घासल्या, चौकटीत बसवल्या, माझ्या काड्या तिच्या कानांमागे नीट वाकवून दिल्या आणि मी कामाला लागलो. पहिले आठ दिवस काय ती माझी मिजास! "अहो, खरंच बरं वाटतंय," ती नवऱ्याला म्हणाली, आणि मी तिच्या नाकावर आणखी ताठ बसलो.

नवव्या दिवशी डोकं पुन्हा उठलं. मग काय, सगळं खापर माझ्या काचांवर! दोनदा नंबर तपासला. नंबर अगदी बरोबर होता.

खरं सांगू का, मला कारण ठाऊक होतं. शिवताना टाचण्या दातांत धरायची तिला सवय होती. चार-पाच टाचण्या, ओठांच्या कडेला, दातांखाली घट्ट. गिऱ्हाईक काही विचारायचं आणि ती नुसतं "अं... हं" करायची. नवरा थट्टा करायचा, "हिच्या तोंडात टाचण्या आहेत तोवरच मला बोलायला मिळतं!" पुढे पुढे टाचण्या नसल्या तरी तिचे दात आवळलेलेच राहायला लागले. भाजी चिरताना, बसची वाट बघतानासुद्धा. दात आवळले की कानशिलाचा स्नायू फुगतो, आणि माझी काडी नेमकी तिथेच टेकलेली. तो मला दिवसभर वर-खाली ढकलायचा. तुम्हीही कानशिलावर बोट ठेवा आणि दात आवळून बघा. कळलं? मला रोज कळत होतं. पण चष्म्याला कोण विचारतो!

डॉक्टर झाले. एक झाले, दोन झाले, चार झाले. प्रत्येकाचं पहिलं वाक्य तेच, "चष्मा काढा." की मी टेबलावर उताणा पडलेला, छताकडे बघत. मी नाकावर असतो तर हललेला दिसलो तरी असतो.

मोठ्या यंत्रात तिला झोपवलं त्या दिवशी मी तिच्या नवऱ्याच्या खिशात होतो. त्याच्या छातीत एवढं धडधडत होतं की माझ्या काचा हलत होत्या. तिला ते कधीच कळलं नाही. रिपोर्ट आला तेव्हा तो जवळजवळ ओरडलाच, "अगं, नॉर्मल! सगळं नॉर्मल आहे! आता दुखायचं कारणच नाही."

"पण दुखतंय हो."

"मग मनाचं असेल गं. नको एवढा विचार करत जाऊस."

तो मायेनेच म्हणाला. पण त्या दिवसापासून तिने 'दुखतंय' म्हणणं सोडून दिलं. फारच झालं की दुकानाचं शटर अर्धं ओढायची, मला मांडीवर ठेवायची आणि मशीनच्या गार लोखंडावर कपाळ टेकायची. एकदा स्वतःशीच म्हणाली, "मला वेड तर लागलं नाही ना?" मित्रांनो, मला रडता येत असतं तर मी तेव्हा रडलो असतो. शेवटी तिने ठरवलं, हातातले शाळेचे गणवेश संपले की मशीन विकून टाकायचं. अठरा वर्षं ज्याच्यावर काम केलं ते मशीन.

आणि त्याच आठवड्यात नवऱ्याची दाढ ठणकायला लागली. गाल टम्म सुजला. बापरे, काय तो आरडाओरडा! शेजारीपाजारी चौकशी करून गेले. त्याचं दुखणं दिसत होतं ना! ती त्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली आणि स्वतः कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. तिला कुणी तपासणारच नव्हतं, त्यामुळे मी आपला नाकावर होतो.

दाढेत औषध भरता भरता बाई थांबल्या.

"ताई, तुमचा चष्मा का हलतोय?"

"अं?"

"तुम्ही खात नाही, बोलत नाही, आणि चष्मा मात्र वर-खाली होतोय."

त्या हात धुऊन आल्या. माझ्या काड्यांखाली दोन बोटं घालून त्यांनी कानशिलं दाबली. ती कळवळली.

"रोज दुखतं?"

"अडीच वर्षं झाली. पण रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. मनाचंच असेल."

"मनाचं कसलं! दात आवळून आवळून हा स्नायू दगड झालाय. दुखत असणारच तुम्हाला."

ती रडायला लागली. बाई गडबडल्या, "अहो, घाबरू नका, बरं होण्यासारखं आहे!" ती घाबरून रडत नव्हती, हे मला माहीत होतं. नवरा खुर्चीवरून उठून तिच्याजवळ आला. तोंडात कापसाचा बोळा, त्यामुळे त्याला बोलता येईना. त्याने नुसता तिचा हात धरून ठेवला.

टाचण्या मनगटावरच्या छोट्या उशीत गेल्या. जबड्याचा व्यायाम, गरम शेक, झोपताना दातांवर घालायचं कव्हर, असं सगळं सुरू झालं. दुखणं काही एका दिवसात पळालं नाही. तीन महिने गेले, आणि अजूनही ते कधीमधी डोकावतं. पण मशीन विकलं नाही. पुढे तिचा नंबर वाढला, नवा चष्मा आला आणि मी मशीनच्या खणात बॉबिनांच्या शेजारी आलो. धूळ बसते माझ्यावर. तक्रार नाही. बरं, थोडी आहे.

परवा नवरा डबा घेऊन दुकानात आला. ती म्हणाली, "आज जरा दुखतंय हो." त्याने डबा खाली ठेवला आणि विचारलं, "कुठे?"

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पुसा, हे मी सांगायलाच हवं. पण त्याआधी एक करा. घरात कुणी 'दुखतंय' म्हणालं आणि तुम्हाला काहीच दिसलं नाही, तरी 'कुठे?' एवढं विचारा. घरच्या माणसाच्या तोंडून तो एक शब्द ऐकायला माझ्या मालकिणीला अडीच वर्षांहूनही जास्त काळ लागला.