जगूची चढाई

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा मोबाईलवर टाईप केलं, दोनदा खोडलं. म्हटलं वाचणारा हसेल नाहीतर मलाच दवाखान्यात न्या म्हणेल. पण झालंय ते झालंय. हरेश घरत रविवारी सकाळी कबड्डीत बाद झाला आणि त्यानंतर घरीसुद्धा बादच राहिला.

आमच्याकडे मंडळाच्या वर्धापनदिनाला चाळिशीच्या पुढचे विरुद्ध पोरं अशी मॅच असते. तीस सेकंदांचं घड्याळ वगैरे नाही. जुनी पद्धत. तोंडात 'कबड्डी कबड्डी' आहे तोवर चढाई, मध्यरेषेवर परत पाय टेकला की सुटला, त्याआधी दम तुटला की बाद. बाद झालेल्यानं रेघेबाहेर ओळीत बसायचं. आपल्या बाजूनं एक गुण घेतला की ओळीतला पहिला आत. आणि सातच्या सात बाद झाले की लोण. लोण बसला की समोरच्यांना जादा गुण, पण सगळे सात परत आत. नियम एवढेच आहेत आणि पुढे जे झालं ते सगळं नियमानंच झालं.

हरेश अठ्ठेचाळीसचा. रंगाच्या कंपनीत स्टोअर बघतो. एकेकाळी जिल्ह्यात डावा कोपरा म्हटलं की घरतचं नाव. घोटा हातात आला की समोरचा सुटलाच नाही. आता सकाळी बीपीची अर्धी गोळी, शुगर काठावर, बायकोनं रात्री भिजवलेलं मेथीचं पाणी आणि जिना उतरताना बोलणारा गुडघा. येत्या सोमवारपासून चालायला जायचं, असं तो अकरा वर्षं म्हणतोय.

त्या दिवशी पोरांचा एक चढाईवाला आला. हात फिरवला. हरेश मागे सरला, आणि अगदी बरोबर सरला, वीस वर्षांपूर्वी जेवढा सरायचा तेवढाच. बोट त्याच्या पोटाला लागलं. वीस वर्षांपूर्वी त्या जागी पोट नव्हतं.

"बाद," मोकल सर म्हणाले. मोकल सर आमचे पंच, निवृत्त पीटी मास्तर. त्यांना आता नीट दिसत नाही. डोळे मिटून स्टुलावर बसतात आणि कानानं पंचगिरी करतात. आजवर एकदाही चुकले नाहीत.

हरेश रेघेबाहेर जाऊन बसला. त्याच्या मागे बाळाराम आला, मग बाकीचे चार. मैदानात राहिला एकटा जगू ठाकूर.

जगू म्हणजे हरेशचा पहिलीपासूनचा दोस्त. कोपऱ्यात दोघं हाताची साखळी करून खेळायचे, एकाला खरचटलं की दुसऱ्याला दुखायचं म्हणतात. मागच्या वर्षी जगूच्या छातीत दोन स्टेंट बसवले. डॉक्टरनं खेळ बंद सांगितलं होतं. बायकोला तो म्हणाला होता, मी फक्त गुण लिहायला जातोय. आता सातजणांसमोर एकटा, तरी हसत मांडीवर थाप मारली आणि चढाईला गेला. "कबड्डी कबड्डी कबड्डी."

तेवढ्यात हरेशचा फोन वाजला. बायको, वनिता.

"अहो, सिलिंडर आलाय. पायरीखाली ठेवून गेला तो मेला. मला एकटीला उचलत नाही, या जरा."

हरेश उठला आणि घरी गेला.

बाद झालेला माणूस ओळ सोडून उठत नाही. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. हरेशलाही माहीत होतं. त्याला वाटलं, दोन मिनिटांचं तर काम आहे.

घराच्या उंबऱ्यावर फक्कीची पांढरी रेघ होती. ताजी. वनिता रेघेच्या आत कमरेवर हात ठेवून उभी.

"तुम्ही बाद आहात ना?"

"हो, पण सिलिंडर..."

"मग बसा बाहेर. मी बघते." असं म्हणून तिनं सिलिंडर एकटीनं उचलला आणि आत नेला.

हरेश रेघ ओलांडून आत गेला. आत पाय टेकला तर तो ओटीवरच उभा होता. परत गेला. परत ओटीवर. तिसऱ्यांदा त्यानं उडी मारली, तेव्हा गुडघ्यात कळ आली म्हणून बंद केलं. वनितानं ताट रेघेपलीकडून सरकवलं. भात कमी होता, कारण शुगर.

"कधीपर्यंत असं?" त्यानं विचारलं.

"जगूभावजी गुण घेतील तेव्हा या की आत. मी काय नियम केलेत?" तिनं कुकर लावला.

सोमवारी कंपनीत त्याच्या टेबलाभोवती रेघ होती. साहेब रेघेच्या आतून म्हणाले, "घरत, आजारी रजा लिहू का?"

"मी आजारी नाही साहेब."

"मग कारण काय लिहू?"

"बाद."

साहेबांनी 'बाद' लिहिलं आणि सही केली. ते चौपन्नचे आहेत. सही करताना त्यांनी स्वतःच्या खुर्चीखाली एकदा बघून घेतलं.

मंगळवारी ओटीवरची रेघ पुढं सरकलेली दिसली. रविवारी उंबऱ्यावर होती, आता झोपाळ्याच्या अलीकडं. झोपाळा घरात गेला. हरेशला पायरीवर बसावं लागलं. आणि त्याच दिवशी त्याच्या मुलीला, सानिकाला ताप भरला. आठवीत आहे ती. आजारी पडली की तिला बाप लागतो, लहानपणापासून. कपाळावर बाबांचाच हात पाहिजे, आईचा चालत नाही, वनिताला याचा राग पण येतो. खिडकीतून हरेशला तिचा पलंग दिसत होता.

"बाबा, या ना."

"येतो गं. जरा थांब."

"किती?"

तो पायरीवरून उठून खिडकीशी गेला.

"एकशे दोन," वनिता आतून ओरडली. "औषध दिलंय. उतरत नाहीये."

हरेशनं खिडकीतून हात घातला. हात खांद्यापर्यंत आत गेला आणि बाहेर त्याच्याच पाठीला लागला. त्यानं पटकन काढून घेतला.

बुधवारी तो डॉक्टर वर्तकांकडं गेला. तिथंही रेघ होतीच, टेबलाच्या अलीकडं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप ताणला, वीतभर कमी पडला.

"आत आल्याशिवाय तपासता येत नाही, घरत."

"माझं राहू द्या. पोरीसाठी औषध?"

"तिला मी सकाळीच बघून आलो. औषध बरोबर आहे. ती तुमची वाट बघतेय." डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं, मग खोडलं. "चालायला जाता का?"

"सोमवारपासून."

"हं."

निघताना हरेशनं विचारलं, "डॉक्टर, जगूचं कसं होणार?"

जगूची चढाई चालूच होती हे सांगायचं राहिलं. रविवारपासून. एकच दम. गावात कुठंही उभं राहा, पिठाच्या गिरणीत, तलावावर, 'कबड्डी कबड्डी' ऐकू यायचं. लोकांना सवय झाली होती.

डॉक्टर म्हणाले, "तीन दिवस एका दमात बोललेला माणूस थांबला तर छाती परत भरत नाही. मी सांगितलं होतं त्याला, नुसतं गुण लिही."

गुरुवारी दुपारी हरेश मैदानावर आला आणि ओळीत आपल्या जागी बसला. मैदान वाढलं होतं. चारही बाजूंनी रेघ शाळेच्या कुंपणाच्या भिंतीकडं सरकत आली होती. बाहेर जागा उरली होती फूटभर. सहाही जण भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसले होते आणि पोटं मध्ये येत होती.

"आलास का?" बाळाराम म्हणाला. तो भाड्याचे टेम्पो चालवतो, सगळ्यांची मस्करी करतो. "मला वाटलं तुझ्या घरी वेगळा नियम लागला. सरक जरा. तुझा गुडघा माझ्या किडनीत जातोय."

"रेघ भिंतीला टेकली की?"

"की काय?"

"की बसायचं कुठं?"

बाळारामनं स्टुलाकडं हनुवटी उडवली. मग म्हणाला, "सरांना विचार."

हरेशनं विचारलं. मोकल सर डोळे न उघडता म्हणाले, "आजवर तशी वेळ आली नाही. ऐकू दे मला."

पोरांच्या अर्ध्या मैदानात मधोमध जगू होता. त्याची बनियन अंगावर सैल झाली होती. चेहरा जांभळा, ओठ पांढरे. तोंड चालू. समोर सात पोरं उभी होती, आळीपाळीनं डबा खात होती, एकजण फोनच्या काचेत बघून केस सारखे करत होता. कोणी जगूच्या अंगावर जात नव्हतं.

"अरे, पकडा नाहीतर सोडा त्याला," हरेश ओरडला.

केस सारखे करणारा पोरगा अदबीनं म्हणाला, "काका, आम्ही काही करतच नाहीये. आम्हाला करावंच लागत नाही."

जगू हात पसरून पुढं गेला. पोरं एक पाऊल मागं सरली. नुसतं एक पाऊल, घाई नाही. जगूचा हात हवेतून गेला.

"तो काय गुण घेत नाही आता," बाळाराम हळूच म्हणाला. तो हरेशकडं बघत नव्हता. "पण दम तुटला की लोण. आपण सगळे आत. माझ्या नातीचं बारसं आहे उद्या."

"बाळ्या, गप."

"मी म्हणतो असं नाही. नियम सांगतो. सगळे तेच ऐकत बसलेत रे. तू पण."

हरेशला खोटं म्हणता आलं नाही. बसल्यापासून तोही तेच ऐकत होता. 'कब' आणि 'ड्डी' यांच्यामध्ये आता फट पडायला लागली होती. बोट जाईल एवढी. प्रत्येक फटीला त्याचे पाय आपोआप उठायच्या तयारीत ताठ होत होते.

फोन वाजला.

"एकशे तीन झालाय," वनिता म्हणाली. ती रडत होती. "डोळे उघडत नाही, नुसती बाबा बाबा करतेय. काहीतरी करा हो तुम्ही. आत या कसंही करून."

"येतो."

"कधी?"

जगूनं तेव्हा मान वळवली. चार दिवसांत पहिल्यांदा. तोंड चालू ठेवून त्यानं हरेशकडं बघितलं, मग हरेशच्या हातातल्या फोनकडं. सानिकाला सायकल जगूनंच शिकवली होती. हरेशच्या गुडघ्याला तेव्हा पट्टा होता. जगूला सगळं कळलं असणार, कारण त्यानं भुवई उचलली, जुनी खूण, कोपऱ्यात उभे असताना करायचा ती. सोडू का, असा त्याचा अर्थ. आणि त्याचा आवाज मुद्दाम बारीक व्हायला लागला.

हरेशला वाटलं, हो म्हणावं. मान हलवायची फक्त. कोणी दोष देणार नव्हतं, नियमानंच झालं असतं. आणि जगू हात हलवत तसाच रिकामा मध्यरेषेपर्यंत परत आला तर? तर जगू वाचणार आणि हरेश बाहेर. रेघ त्याच्या अंगठ्याला टेकली होती. फक्कीचा गारवा नखाला लागत होता.

फोनमधून वनिता म्हणाली, "अहो? ऐकताय ना?"

हरेशनं फोन मांडीवर पालथा ठेवला. मग तो भिंतीला धरून उभा राहिला. गुडघा बोलला. मैदानात जगूचं तोंड उघडं होतं आणि आवाज येईनासा झाला होता, आणि स्टुलावर मोकल सरांनी कान पुढं केला.

"कबड्डी," हरेश म्हणाला. "कबड्डी कबड्डी कबड्डी."

सर परत मागं टेकले.

हरेशची छाती लगेच भरून आली, डोळ्यांपुढं ठिपके आले. बाळारामनं त्याचा पाय ओढला. मांडीवरून पडलेला फोन खाली फक्कीत बडबडत होता. हरेशनं एका हातानं जगूला खूण केली, आत ओढ, हवा आत ओढ, मागं ये, आणि त्याच सुरात, त्याच दमात, शब्द कबड्डीच्या मध्ये कोंबत तो म्हणाला,

"कबड्डी, घे श्वास, जगू, कबड्डी, सावकाश घे, कबड्डी, तू मधल्या रेघेवर पाय ठेवेपर्यंत, कबड्डी, मी थांबत नाही, शप्पत, कबड्डी, मी थांबत नाही."