मंगळवारची वेणी

मी एक वेणी बोलतेय. डोक्यावर उगवलेली नव्हे, डोक्याला जोडायची. म्हाताऱ्या बायका मला गंगावन म्हणतात, दुकानातल्या मुली एक्स्टेंशन म्हणतात. या घडीला मी दीपनगरच्या, वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या एका क्वार्टरमध्ये, पाटावर मांडलेल्या कानबाईच्या पायाशी पडून आहे. कानबाई म्हणजे आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी. नारळाला डोळे लावायचे, नथ घालायची, साडी नेसवायची, रविवारी बसवायची आणि सोमवारी नदीवर न्यायची. आज सोमवार आहे. देवीचा नारळ परत घरी येईल. मला मात्र तापीत सोडणार आहेत.

तेवढ्यात बोलून घेते. नीट सांगता येईल का, शंकाच आहे. आयुष्यभर दुसऱ्याच्या डोक्यावर राहिलेलीला स्वतःबद्दल बोलायची सवय नसते.

माझा जन्म एका बाईच्या डोक्यावर झालेला नाही. बायका केस विंचरतात, कंगव्यात गुंतवळ येते, ती गोळा करून पिशवीत कोंबतात. मग एक दिवस गल्लीत हाक येते, 'केसांवर भांडीऽऽ'. पिशवी जाते, स्टीलची वाटी येते. अशा किती पिशव्यांमधून मी आले, मला सांगता येणार नाही. कुठल्याशा शेडमध्ये बायकांनी तो गुंता सुयांनी सोडवला, धुतला, लांबीप्रमाणे लावला. माझ्यात यावलच्या केळीबागेत राबणाऱ्या बाईचेही केस असतील आणि कॉलेजच्या प्राध्यापिकेचेही. एकमेकींना न ओळखता त्या माझ्यात तीन पेडांनी गुंफून बसल्या आहेत.

जळगावात अभयकुमार यांचं बांगड्या आणि शृंगाराच्या सामानाचं दुकान आहे. तिथं त्यांच्या पत्नीनं, लाडकुंवर बाईंनी, माझ्या माथ्याशी छोटा कंगवा आणि दोन चाप शिवले आणि मला खिळ्याला टांगलं. नवऱ्या मुली यायच्या, मला हाताळायच्या, आखूड आहे म्हणून सोडायच्या.

एके दिवशी ज्योती आली. कॉलेजात शिकणारी, केस अगदी कानाच्या पाळीपर्यंत कापलेले, मान मोकळी. तिनं मला उचललं आणि आरशासमोर लावून बघितलं. मग स्वतःशीच हसली.

"लग्न आहे का गं कुणाचं?" लाडकुंवर बाईंनी विचारलं.

"नाही."

"गॅदरिंग?"

"नाही हो काकू. मंगळवार आहे."

काकूंना कळलं नाही. मला लगेच कळलं, हिला कारण लागत नाही.

ज्योतीकडे आम्ही तिघी होतो. मी, एक तपकिरी कुरळी, आणि कपाळावर रुळणारी एक झालर. तिला आखूड केसच आवडायचे. मानेला वारा लागला पाहिजे, म्हणायची. पण एखाद्या दिवशी तिला लांब वेणी हवी असे, एखाद्या दिवशी कुरळं व्हायचं असे. कारण काही नाही. साडी निवडतात तशी ती केस निवडायची.

तिला बघायला भूषणकडची मंडळी आली त्या दिवशी तिनं मला निवडलं. भूषणच्या आईनं, पुष्पाबाईंनी, मला हातात घेतलं. यावलजवळच्या खेड्यातली बाई, हात खरखरीत. "काय केस आहेत व माय पोरीचे!" त्या म्हणाल्या. ज्योतीनं सांगायला तोंड उघडलं, तोच तिच्या मावशीनं तिला मागून चिमटा काढला. तो चिमटा माझ्या टोकालाही लागला.

भूषणला मात्र तिनं त्याच दिवशी गच्चीवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे रोज वेगळी बायको? मी तयार आहे."

लग्नानंतर ती दीपनगरला आली. तो ड्यूटीवरून परतला की दारातच विचारायचा, "आज कोण आहे घरात?" आणि ती आतून ओरडायची, "कुरळी!" किंवा "वेणीवाली!" किंवा "कुणी नाही, मीच!" या एका प्रश्नावर ते घर हसत होतं. पुष्पाबाई येणार असल्या की मात्र डोक्यावर मीच असे. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस.

कॉलनीला मात्र कारण हवं होतं. शेजारच्या सुनंदाबाईंनी एकदा जिन्यात अडवलं. "ज्योती, टायफॉइड झाला होता का गं?"

"नाही हो."

"मग चाई लागली असेल. माझ्या जावेला लागली होती, तिनं कांदा चोळला."

"तसं काही नाही, काकू. आवडतं म्हणून लावते."

सुनंदाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा टायफॉइड बरा. आजार असता तर त्यांनी डबा पाठवला असता. हौसेला कोण डबा पाठवतं?

मग ज्योतीला मुलगी झाली. बाळंतपण चाळीसगावला, माहेरी. पुष्पाबाई नातीला बघायला आल्या तेव्हा बाळंतिणीच्या डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं होतं, त्यामुळे काही दिसलं नाही. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर ज्योती दीपनगरला परतली, आणि एका सकाळी पुष्पाबाई न कळवता यावलच्या एसटीनं आल्या. पिशवीत केळ्यांची फणी, डिंकाचे लाडू, बाळाची दुपटी.

ज्योतीनं दार उघडलं. रात्रभर न झोपलेली, खांद्यावर रडणारं बाळ, डोकं उघडं. मी टेबलावर पडले होते.

पुष्पाबाईंनी तिच्या डोक्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"व माय! केस कुठी गेले व तुहे?"

ज्योती नुसतं 'मी कापते' म्हणू शकली असती. दोन शब्द. पण तिला तो जिना आठवला असेल, ती नजर आठवली असेल. तिला त्या काळात आधीच सगळ्याची भीती वाटायची. दूध पुरतंय का, बाळ श्वास घेतंय का, आपण आई म्हणून बरोबर आहोत का. ती शिकलेली होती, पण ऐनवेळी शिक्षण कुठं जातं कुणास ठाऊक.

"गळले, आई," ती म्हणाली. "बाळंतपणानंतर."

पुष्पाबाईंनी पिशवी खाली ठेवली. "सारेच? माह्या नातीपायी?" आणि त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सुनेला जवळ ओढलं, तिच्या आखूड केसांवरून तो खरखरीत हात फिरवला. सासूनं तिला असं जवळ घेतलं ते पहिल्यांदाच. ज्योती रडू लागली. पुष्पाबाईंना वाटलं, केसांसाठी रडतेय.

तेवढ्यावर मिटतं तर बरं झालं असतं. पण पुष्पाबाईंनी पिशवीतली केळी काढून ओट्यावर ठेवली, हात जोडले आणि कानबाईला बोलून टाकलं, "माह्या सुनेचे केस वापस येऊ दे, मग हे गंगावन तुले वाहीन. तवलोक मी केळं तोंडात घालणार नही."

यावलच्या बाईनं केळं सोडलं! जिच्या दारात घड लागतात, जी पहाटे बागेत जाताना दोन केळी कमरेला खोचून जाते, जिचा उपास केळ्यावर निघतो. ज्योतीचा चेहरा उतरला. "आई, नका ना. एवढं कशाला?"

"तू गप बैस. तुले काय करायचं?"

भूषणनं त्या संध्याकाळी बायकोला हळूच म्हटलं, "सांगून टाक ना."

"तू सांग."

"माझे केस आहेत का?"

कुणीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून माका आणि जास्वंद घालून उकळलेलं तेल आलं. पुष्पाबाई महिन्यातून आठ दिवस येऊन राहायच्या आणि रोज संध्याकाळी सुनेला पुढ्यात घेऊन डोकं चोळायच्या. बोटानं केस मोजल्यासारखे बघायच्या. आता कात्री लावायची सोय राहिली नाही. केस वाढू लागले. कानाखाली आले, खांद्यावर आले. पुष्पाबाई हरखल्या. ज्योतीचा हात मात्र सारखा मानेकडे जाई, तिथं वारा शोधायला.

आषाढी एकादशीला पुष्पाबाई शेंगदाणे चावत बसल्या होत्या. दोन दाढा पडलेल्या, त्यामुळे एकेक दाणा बराच वेळ घोळवायच्या. ज्योती समोर येऊन बसली. "आई, एक बोलायचं होतं."

"बोल ना व."

ज्योतीनं त्यांच्या हातातल्या वाटीकडे पाहिलं. "चहा टाकू का?" म्हणाली.

प्रत्येक महिना गेला तसं खरं बोलणं जड होत गेलं. पहिल्या दिवशी ती फक्त एक थाप होती. वर्षभरानंतर तीत त्या बाईची तीनशे सकाळींची केळी होती.

कुरळी आणि झालर पिशवीत गेल्या. मीही. भूषणनं काही दिवस दारात विचारलं, "आज कोण आहे घरात?" आतून उत्तर यायचं, "मीच." मग त्यानं विचारणं सोडलं. बाळ चालू लागलं, बोलू लागलं. घरात बोलणं कमी नव्हतं, पण तो एक प्रश्न गेला.

आणि काल कानबाई बसली. ज्योतीची पाठीवर रुळणारी स्वतःची वेणी सगळ्या आयाबायांनी पाहिली. सुनंदाबाई म्हणाल्या, "आता कशी लक्ष्मी दिसते!" दुपारी सगळ्या नैवेद्याचे गोड रोट करायला स्वयंपाकघरात होत्या. पुष्पाबाई एकट्या देवी सजवत होत्या. त्यांनी मला पिशवीतून काढलं, धुतलं, कंगव्यानं विंचरलं. मग दाराकडे एकदा पाहिलं.

आणि मला स्वतःच्या डोक्याला लावलं.

त्यांचा अंबाडा सुपारीएवढा. चाप नीट बसेनात. हळूहळू त्यांनी मला खांद्यावरून पुढे घेतलं, भिंतीवरच्या आरशात मान वाकडी करून पाहिलं. किती डोक्यांवरून आले मी, पण इतकं धडधडतं डोकं पाहिलं नव्हतं.

"कशी दिसते व मी?" त्यांनी त्या नारळाला विचारलं. "मले बी लय हौस होती, माय. गुंतवळ इकता इकताच जलम गेला."

दारात ज्योती उभी होती, हातात रोटाची थाळी. तिनं सगळं ऐकलं होतं.

बोल, मी मनात म्हटलं. आत्ता बोल. ही बाई तुला रागावणार नाही. जगात तुझी हौस कळेल अशी एकच बाई आहे आणि ती तुझ्यासमोर, माझ्याखाली उभी आहे.

ज्योतीचे ओठ हलले. "आई," ती म्हणाली, "देवीला डोळे लावायचे राहिलेत."

पुष्पाबाईंनी मला ओढून काढलं. चापात त्यांचे दोन पांढरे केस अडकून आले. "वजन पाहत होते मी," त्या घाईनं म्हणाल्या. "कानबाईले झेपते का नही ते."

दोघींनी मिळून नारळाला डोळे लावले. एकमेकींकडे पाहिलं नाही.

आता पाट उचलायची वेळ झाली. बाहेर बायका फुगड्या घालतायत. पुष्पाबाईंच्या कमरेला एक केळं खोचलेलं आहे, पिवळंधम्मक. मी पाण्यात गेले की त्या ते सोलतील. दोन वर्षांनी. ज्योती मघापासून त्या केळ्याकडे पाहतेय, आणि मला कळतंय, आता ती कधीच बोलणार नाही. कसं बोलेल?

तिची लेक माझ्या टोकाशी खेळतेय. "आई, ही कोणाची?" तिनं विचारलं. ज्योतीनं आणि पुष्पाबाईंनी एकदमच पाटाला हात घातला.

पोरी, तुझ्या आईला एक दिवस विचार, तिला काय आवडायचं. आजीलाही विचार. मला बोलता येतं, पण ऐकू कुणालाच जात नाही. माझ्या चापात अजून ते दोन पांढरे केस आहेत. ते घेऊन मी निघाले.

उद्या मंगळवार आहे.