आखाजीला मागची सीट नव्हती

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे, असे मला पाहणाऱ्या प्रत्येकाला वाटते. खरे सांगायचे तर मी जुनी नाही, फक्त जुनी दिसते. माझा गोल दिवा, तारांची चाके, फुगीर टाकी हे सगळे तुमच्या आजोबांच्या काळातले वाटते, पण आतले इंजिन अगदी अलीकडचे आहे. जन्मतःच धोतर-टोपी घातलेल्या बाळासारखी मी कारखान्यातून बाहेर पडले. शोरूमच्या काचेमागे उभी राहून मी खूप मिरवले. लोक काचेला नाक लावून मला पाहत आणि मला ते आवडत असे.

ललितने मला तिथून घरी आणले. रावेरजवळच्या एका गावात त्याच्या घरच्या केळीच्या बागा आहेत. घरात त्याचे वडील भाईदास आबा आणि आई सुगंधाबाई. धाकटी बहीण पुनम लग्न होऊन धरणगावजवळच्या एका गावी गेली होती. पडवीत माझ्या शेजारी आबांची शंभर सीसीची गाडी उभी असे. तिचा रंग उडालेला, एक आरसा गेलेला आणि मागे लोखंडी कॅरिअर. त्या कॅरिअरवरून खताच्या गोण्या गेल्या, दुधाचे कॅन गेले, शाळेत असताना पुनमही गेली. ती सुरू झाली की तिचे पत्रे खडखडत. मी मनातल्या मनात तिला हसत असे.

चौकात मला उभे केले की पहिला प्रश्न ठरलेला असे, "हिची ताकद किती?" ललित अश्वशक्तीचा आकडा सांगे आणि सांगताना त्यात थोडी भर घाली. पुढे त्याला तो आकडाही कमी वाटू लागला. मग त्याने मला समाधान मिस्त्रीकडे नेले, मागची नळी बदलली, आणखी काय काय केले. "दोन-तीन घोडे नक्की वाढले," असे ललित सगळ्यांना सांगत सुटला. मला विचाराल तर वाढला तो आवाज. रावेरहून भुसावळकडे जाताना पुढे केळीचा ट्रक असतो, त्याच्या पुढे ट्रॅक्टर असतो, आणि त्या दोघांच्या मागे माझी निम्मी ताकदसुद्धा मला कधी लागली नाही. उरलेली निव्वळ सांगण्यापुरती होती.

त्याच वेळी ललितने माझी दोघांची लांब सीट काढून एकट्याची छोटी सीट बसवली. फोटोत तीच शोभते, असे त्याचे म्हणणे. मागे उघडे मडगार्ड राहिले. मला हलके वाटले आणि मी हरखून गेले. मागे कोण बसणार, हा विचार त्याने केला नाही आणि मीही केला नाही.

मग आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खान्देशात सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, गौराईची गाणी म्हणतात. लग्नानंतरची पहिली आखाजी तर माहेरीच व्हायला हवी. पण लेक आपली आपण येत नाही. भाऊ मुऱ्हाळी होऊन तिच्या सासरी जातो आणि तिला बरोबर घेऊन येतो. पुनमची ही पहिलीच आखाजी होती. सुगंधाबाईंनी अंगणातल्या निंबाला झोका बांधून ठेवला होता आणि येता-जाता त्याचा दोर ओढून बघत होत्या.

सणाच्या आदल्या दिवशी, ऊन चढायच्या आत, ललित मुऱ्हाळी होऊन निघाला आणि निघाला तो माझ्यावर बसून. पुनमच्या सासरच्या गल्लीत शिरताना त्याने उगाच मला दोनदा गुरगुरायला लावले. पुनम पिशवी भरून दारातच उभी होती. ती हसत माझ्या मागच्या बाजूला आली आणि तिथेच थांबली.

"भाऊ, मी कुठी बसू?"

ललितने ते आधीच ठरवून ठेवले होते. तो म्हणाला, "तुले धरणगावहून रेल्वेत बसवून देतो ना. मी रस्त्यानं तुह्या आधी पोचतो."

पुनमच्या सासूबाई, भिकुबाई, ओट्यावर बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "पहिली आखाजीनी पोर शे ती. मुऱ्हाळी तू उना आनि पोर एकली रेल्वेमा जाई का? बठ्ठा गावले तुन्ही गाडीना आवाज समजना. बहीनले बसाले जागा नई तिन्हावर."

साऱ्या गावाला ऐकू गेलेल्या माझ्यावर बहिणीला मात्र जागा नव्हती, हे त्यांनी बरोबर हेरले होते. तेवढ्यात पुनमचा नवरा दीपक बाहेर आला. भला माणूस. "माझी गाडी घेऊन जा," तो म्हणाला, "तुमची राहू द्या इथेच. सण झाला की बदलून घेऊ." त्याची गाडी आबांच्या गाडीसारखीच साधी होती. ललितने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "नको दाजी," तो म्हणाला, "हिला सोडून त्या गाडीवर गावात शिरलो तर पोरं हसतील."

हे ऐकून पुनमने पिशवी उचलली.

"राहू दे भाऊ. तू जाय," एवढेच म्हणून ती आत गेली.

मित्रांनो, माझी टाकी तेव्हा भरलेली होती, इंजिन गरम होते आणि मी कुणाच्याही काही उपयोगाची नव्हते. मी तिथे बंद पडले असते तर बरे झाले असते. ललितला नाइलाजाने दीपकची गाडी तरी घ्यावी लागली असती. पण मी पहिल्या झटक्यात सुरू झाले.

परत येताना ललितने माझी सगळी ताकद वापरली. पहिल्यांदाच. त्याला लाज वाटत होती आणि तो त्या लाजेपासून पळत होता, असे मला वाटते. माझा आवाज बागांमधून आमच्याआधी गावात पोचला. त्या आवाजाने सुगंधाबाईंना वाटले, लेक आली. आम्ही वळणावर आलो तेव्हा त्या एका हातात भाकरीचा तुकडा आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या घेऊन ओवाळायला दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, ललितच्या खांद्यामागे पाहू लागल्या, आणि तिथे उघडे मडगार्ड होते. हात तसाच वर राहिला. आजवर मला कितीतरी लोकांनी पाहिले, पण तसे कुणी पाहिले नव्हते.

"पुनम कुठी हाये?"

ललितने मान खाली घालून सगळे सांगितले. "मी उद्या सकाळी आबांची गाडी घेऊन जातो," तो म्हणाला.

आबा जेवायला बसणार होते. ते उठले. "उद्या आखाजी हाये," ते म्हणाले.

"मग मी आताच जातो, आबा."

"तू जाऊन आला," आबा म्हणाले. डोक्याला ओला रुमाल बांधून त्यांनी आपली खडखडणारी गाडी भर उन्हात बाहेर काढली.

आबा आणि पुनम आले तेव्हा दिवेलागण झाली होती. त्या गाडीचा आवाज अंगणात येईपर्यंत कुणाला कळलासुद्धा नाही. पुनम उतरली, आणि आईच्या गळ्यात पडायच्या आधी तिने आबांना पाणी आणून दिले. आबांनी आख्खा तांब्या रिकामा केला आणि दुसरा मागितला. मग मला कळले. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरचे अन्नपाणी घ्यायचे नाही, हा जुना रिवाज आबा पाळत होते. म्हणून तर मुऱ्हाळी भाऊ असतो. बरोबर नेलेली पाण्याची बाटली वाटेतच संपली होती.

"सासूबाईंनी किती आग्रह केला," पुनम आईला सांगत होती, "पण आबा आमच्या दारातल्या निंबाखालीच उभे राहिले. तोंड असं सुकलं होतं माय, मला पाहवेना."

ललित माझ्या शेजारी उभा राहून हे ऐकत होता.

आखाजीच्या सकाळी अंगणात झोक्यावर गाणी चालली होती, आणि ललित पडवीत बसून माझी दोघांची सीट परत बसवत होता. त्याने बोल्ट दोनदोनदा आवळले, सीट पुसली. पुनमची सासरी जायची वेळ आली तेव्हा त्याने मला दारात आणले.

"बैस," तो म्हणाला.

पुनमने सीटवरून हात फिरवला. ती रागावलेली नव्हती. "आबांच्या गाडीनं जाऊ, भाऊ," ती म्हणाली. "तू चालव."

ती दोघे गेली. मी दारातच उभी राहिले. लांब सीट ऊन लागून तापली.

तेव्हापासून माझ्यावर मागे कुणी बसलेले नाही. सुगंधाबाई माझ्या जवळून जातात, पण माझ्याकडे पाहत नाहीत. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, माझ्यासारखी एखादी गाडी तुमच्याही मनात भरेल. घ्या, जरूर घ्या. पण तिची ताकद किती हे विचारण्याआधी तिच्यावर मागे कोण बसणार आहे, ते विचारा. दोन माणसे आणि एक पिशवी घरी पोचवायला लागते तेवढी ताकद पुष्कळ असते. आणि कुणाच्या लेकीला माहेरी आणायचे असेल, कुणा म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचे असेल, तर ललितला सांगा, मी आहे. मी आवाज करणार नाही. मी हळू चालेन.