एकशे बारा पिशव्या

भगीरथने लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र रक्तपेढीच्या काउंटरवर आपटलं. वर साहेबांचा हात जोडलेला फोटो, खाली बारीक अक्षरात भगीरथचं नाव, तेही चुकलेलं.

“ह्ये बघा मॅडम. गेल्या महिन्यात साहेबांच्या वाढदिवसाला अख्ख्या गावानं रक्त दिलं. एकशे बारा पिशव्या!”

काउंटरवरच्या योगिनीने ते नीट वाचून परत केलं. “छान. पण दादा, आजचा रक्तदाता कुठंय?”

आत वॉर्डात भगीरथची बायको प्रेमा पांढरीफटक पडली होती. सकाळी मुलगी झाली आणि रक्त थांबेचना. आता थांबलं होतं, पण हिमोग्लोबिन चारवर आलेलं. सलाईननं भागणार नाही, रक्तच चढवायला हवं, असं डॉक्टर म्हणाले होते. तिच्या गटाची पिशवी समोरच्या फ्रिजमध्ये होती. बदल्यात कुणीतरी रक्त दिल्याशिवाय ती हलणार नव्हती.

“मग माझंच घ्या ना परत!”

“तीन महिने होईस्तोवर नाही घेता येत.”

“आनि आमच्या पिशव्या गेल्या कुठं?”

“शिबिरवाले शहरात घेऊन गेले. तुम्हाला डबे मिळाले असतील की.”

मिळाले होते. प्रेमाची पेज त्याच डब्यातून आली होती. हातातल्या रिकाम्या डब्याच्या झाकणावर साहेब हसत होते. भगीरथने झाकण पालथं घातलं.

मग त्याने गावाकडे, किन्हवलीला फोन लावायला घेतले. महादूने शिबिरात रक्त दिलेलं. रघूने दिलेलं. सरपंचांनी फोटो चार वेळा काढून रक्त एकदा दिलेलं. गाव इतकं दानशूर, की तीन महिने गावात कुणी आजारी पडायची सोय नव्हती.

उरला एक मंगळू. शिबिरात सुई बघताच त्याने शाळेच्या खिडकीतून उडी मारली होती. त्याचा व्हिडिओ काढून, गाणं लावून, भगीरथनेच गावच्या ग्रुपवर टाकला होता. तेव्हापासून पोरंसोरं मंगळूला विचारत, “खिडकी उघडू का रे?”

भगीरथचा अंगठा त्या नावावर बराच वेळ थांबला.

“मंगळूदादा,” तो म्हणाला. दादा पहिल्यांदाच.

मग प्रेमाचं, रक्ताचं आणि दवाखान्याचं त्याने एका दमात सांगून टाकलं. पलीकडून फोन कट झाला.

दीड तासाने मंगळू आला तो घामाने निथळत, शर्टाची बाही खांद्यापर्यंत दुमडून. योगिनीने त्याचं वजन केलं, बोट टोचून तपासलं आणि त्याला खाटेवर झोपवलं. त्याने डोळे गच्च मिटले.

“भग्या.”

“बोल ना, दादा.”

“आधी ती खिडकी लाव.”

खिडकीची कडी तुटलेली होती. भगीरथने फोन बंद करून खिशात टाकला आणि तो खिडकीला पाठ लावून उभा राहिला. पिशवी भरेपर्यंत जागचा हलला नाही.