मधल्या मापाचा इंटरकूलर

मित्रांनो, टर्बो लावलेली मोटारसायकल गेली की तिचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो, पण पुढच्या चाकामागे दडलेला मी कोणाला दिसत नाही. मी एक जुना इंटरकूलर आहे. टर्बो हवा दाबून इंजिनात ढकलतो तेव्हा ती चटका बसेल इतकी तापते. माझ्या नळ्यांमधून जाताना ती निवते. एवढेच माझे काम.

माझा जन्म एका छोट्या डिझेल मोटारीसाठी झाला. ती मोडीत निघाली आणि मी एका गॅरेजच्या फळीवर येऊन पडलो. गॅरेज मामाचे. त्याची भाची डोंगरावरच्या चढणीच्या शर्यतीत भाग घ्यायची आणि तिची टर्बोवाली मोटारसायकल मामानेच बांधलेली. पण त्या दोघांचा एकमेकांवर काडीचा भरवसा नव्हता.

आधी गाडीला तळहाताएवढा इंटरकूलर होता. भर चढावर इंजिनात टकटक झाली आणि पिस्टनला भोक पडले. मामाला वाटले, पोरीने गुपचूप टर्बोचा दाब वाढवला. नवा पिस्टन बसवल्यावर त्याने दाबाच्या स्क्रूवर लाल ठिपका दिला, फिरवला तर कळावे म्हणून. टकटक पुन्हा झाली, ठिपका मात्र जागचा हलला नव्हता. दोष त्या चिमुकल्या इंटरकूलरचा होता. हवा निवतच नव्हती, आणि तापलेल्या हवेने इंधन अवेळी पेटून टकटक व्हायची. मामाने चूक कबूल केली नाही. त्याने ट्रकचा भला थोरला इंटरकूलर आणून ठोकून बसवला.

आता शंका घ्यायची पाळी भाचीची. हवा गारेगार झाली, पण मूठ पिळली की गाडी आधी विचारात पडायची आणि मग एकदम उसळायची. एका वळणावर तो जोर उशिरा आला. मागचे चाक सरकले आणि गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली.

भाचीने गॅरेजात येऊन हेल्मेट टेबलावर आदळले.

"मामा, खरं सांग. तू मुद्दाम गाडीचा जोर मारून ठेवलास ना?"

"काहीतरीच काय! मोठा आहे, हवा जास्त थंड करतो."

"एवढ्याशा इंजिनाला हे धूड हवेने भरायला वेळ लागणार, हे तुला कळत नव्हतं? मला नाही पटत."

मामा हातातला पाना पुसत राहिला. पाना कधीच स्वच्छ झाला होता.

"कळत होतं," तो खाली बघत म्हणाला. "म्हटलं, गाडी जरा सुस्तावेल, तूही जपून चालवशील. तुला काही झालं तर ताईला काय तोंड दाखवू?"

"आणि आज कठड्यावरून खाली गेले असते म्हणजे?"

मामाचे हात थांबले. त्याने मान वर केली तेव्हा त्याचे डोळे भरले होते. मग त्याने स्वतःच ते धूड खोलून बाहेर ठेवले.

"आता अंदाज नको," भाची म्हणाली. "मोजायचं."

फळीवरून मला काढले, पण विश्वास माझ्यावरही नव्हता. "मोडीतला आहे, गळत असणार," मामा पुटपुटला. माझी तोंडे बंद करून त्यांनी मला पाण्याच्या टबात बुडवले आणि आत हवा भरली. एकही बुडबुडा आला नाही! मग मला गाडीवर चढवले. हवा आत येताना एकशे तीस अंश होती, बाहेर पडताना पन्नास. दाब जेमतेम कमी झाला आणि मूठ पिळताच जोर मिळाला. तरी दोघांनी आकडे वेगवेगळ्या कागदांवर लिहिले आणि एकमेकांचे कागद तपासले. आकडे जुळले तेव्हा भाची पहिल्यांदा हसली.

त्याला चार हंगाम झाले. लोक टर्बोचे कौतुक करतात, माझे कोणी नाही. एकदा तर माझ्या पातळ पट्ट्यांत चिखल वाळून गच्च बसला, तरी आठवडाभर कोणी पाहिले नाही. म्हणून विनवतो, मला मऊ ब्रशने आणि पाण्याच्या हलक्या धारेने धूत जा. मला निवडताना माझ्या आकाराला भुलू नका, इंजिनाला काय सोसेल ते मोजून पाहा.

आणि मित्रांनो, आपल्या माणसाबद्दल मनात शंका आली, तर त्याला तोंडावर विचारा. भाचीने तो प्रश्न आणखी एक फेरी गिळून ठेवला असता, तर मला बसवायला गाडी उरली नसती, आणि चालवायला तीही.