रोलरची जाळी

युनियनच्या वार्षिक सभेत सेक्रेटरी वर्षभरातली कामं वाचून दाखवत होता. "इस्त्रीच्या रोलरखाली हात जाऊ नये म्हणून जाळी बसवून घेतली," हे वाचलं आणि तो थांबला. पहिल्या रांगेत धुलाई कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या मावशी बसल्या होत्या, भाजलेला हात मांडीवर ठेवून.

रोलरला जाळी नसल्याची तक्रार त्यांनीच दिली होती. पण युनियनची रीत अशी, की तक्रारी साठवायच्या आणि वाटाघाटीच्या दिवशी मालकापुढे गठ्ठाच आपटायचा. म्हणून सेक्रेटरीने ती कपाटात ठेवली. वाटाघाटीला आठ दिवस उरले असताना मावशींचा हात रोलरखाली गेला.

"थांबलास का रे? चष्मा विसरलास?" मावशींनी विचारलं. सगळे हसले.

"मावशी, तुमची तक्रार सात महिने माझ्याच कपाटात पडून होती," तो माइकवरच म्हणाला.

हसणं थांबलं.

"आणि मी वर्षभर मालकाला शिव्या घालतेय," मावशी म्हणाल्या. "मग तेही लिही की अहवालात."

त्याने जाळीच्या ओळीखाली लिहिलं.

"आता वाच. मोठ्याने. मागच्यांना ऐकू जाऊ दे."